कामठ्याहून कामठीला

गोंदिया शहराजवळ कामठा आहे आणि नागपूरच्या अलीकडे, कन्हान नदीच्या काठी, कामठी. लिहिताना फरक एका काना-वेलांटीचा. कामठा हे जुन्या जमीनदारीचं गाव, भोवती धानाच्या बांध्या. कामठी ही १८२१ साली कंपनी सरकारने वसवलेली लष्करी छावणी. आज गोंदियाहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाच्या आत कामठी येते. पण कामठ्याच्या पंचक्रोशीतल्या पोराने वर्दी चढवायला कामठीला जावं आणि घरच्यांनी त्याला ओवाळून पाठवावं, एवढी साधी गोष्ट घडायला जवळपास सव्वाशे वर्षं जावी लागली.

पश्चिम महाराष्ट्रात असं नव्हतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. तिथे पलटणीत जाणाऱ्या मुलाला कसं पाठवायचं, हे आजीकडून आईकडे आणि आईकडून सुनेकडे आलेलं शिक्षण होतं. गोंदियाच्या बहुतेक घरांना असा वारसा नव्हता. इथला निरोप उशिरा मिळालेला आहे, काही घरांनी तर तो अर्ज करकरून, मागून घेतलेला आहे. म्हणूनच त्याचा इतिहास जपून सांगण्यासारखा आहे.

त्याआधी इथली माणसं लढलीच नव्हती, असंही नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवार समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत होते, चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकच्या मोहिमेवर गेले आणि त्या चाकरीच्या मोबदल्यात त्यांना वैनगंगेकाठची पडीक जमीन मिळाली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापलेल्या मध्य प्रांताच्या जातिकोशातही ही हकिकत आहे. म्हणजे आज ज्या बांध्यांमध्ये धान डोलतो, त्यातल्या काहींची सुरुवातच मोहिमेवर निघालेल्या माणसांपासून होते. त्या काळात घरून निघण्याचा दिवस ठरलेला असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, पाऊस उघडल्यावर फौजेबरोबर निघायचं आणि पुढच्या मृगाच्या आत, वाचलं तर, घरी यायचं. बारमाही छावणीत राहून कवायत करण्याची पद्धत नंतरची. ती आली आणि निरोपाची लांबी बदलली. आठ महिन्यांचा विरह वर्षानुवर्षांचा झाला.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचा जोर मोडला आणि चार वर्षांत कामठीची छावणी उभी राहिली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. छावणी वऱ्हाड-झाडीच्या उंबरठ्यावर, पण तिच्यात राहिल्या त्या मद्रास फौजेच्या पलटणी. तमिळ आणि तेलुगू बोलणारे शिपाई तिथे आले, त्यांची कुटुंबं आली, वस्त्या झाल्या. भंडारा-गोंदियाच्या माणसाने छावणीला धान पुरवावा, लाकूड पुरवावं, गाड्या हाकाव्यात. रांगेत उभं राहण्यासाठी त्याला कोणी बोलावलं नाही.

पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती झाले आणि ‘लढवय्या जाती’ची कल्पना सरकारी धोरण बनली. कोण शूर आणि कोण नाही, हे जन्मावरून ठरवलं जाऊ लागलं. मध्य प्रांत त्या यादीत जवळपास नव्हताच. पहिल्या महायुद्धातले आकडे पाहिले की हे उघड दिसतं. १९१४ ते १९१८ या काळात पंजाबातून साडेतीन लाखांच्या घरात लढाऊ सैनिक भरती झाले. मध्य प्रांतातून लढाऊ भरती झाली ती सुमारे पाच हजार चारशेंची. बिनलढाऊ, म्हणजे हमाली, खेचरं, स्वयंपाक, दवाखाना अशा कामांसाठी मात्र इथून साडेनऊ हजारांहून अधिक माणसं नेली गेली. युद्धावर दोघेही गेले, बोटीत दोघेही चढले. पण बंदूक खांद्यावर घेणाऱ्यापेक्षा दुसऱ्याचं ओझं उचलणारा इथून जवळपास दुप्पट गेला.

सर्वांत कडू अनुभव महार समाजाच्या वाट्याला आला. मुंबई फौजेत महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेब १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले, आणि त्यानंतर दोन-एक वर्षांतच महारांची भरती बंद झाली. पगार तर गेलाच, पण छावणीतली शाळा गेली, निवृत्तिवेतन गेलं, गावाच्या वेशीवर ताठ मानेने परतण्याचा हक्कही गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा केला. माणसांची टंचाई पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. जिथे आया ‘माझा मुलगा जाऊ नये’ म्हणून देव पाण्यात ठेवतात, तिथेच ‘आमच्या मुलांना जाऊ द्या’ म्हणून एका समाजाला तीस-चाळीस वर्षं अर्ज लिहावे लागले.

दरम्यान रूळ आले होते. १८८० च्या दशकात नागपूरपासून राजनांदगावपर्यंत छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज गाडी धावू लागली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग घेतला, रुंद केला आणि पुढे कलकत्त्याला जोडला. त्याआधी पूर्वेकडे जायचं तर साकोली-देवरीवरून रायपूरकडे जाणारी मोठी सडक होती. सडक अर्जुनी या तालुक्याच्या नावात ती सडक अजून आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, दुसरीकडे नागभीड-चांद्याकडे फाटा गेला आणि गोंदिया जंक्शन झालं. तांदूळ, तेंदूपत्ता, विड्या बाहेर जाऊ लागल्या. माणसंही जाऊ लागली. गावच्या वेशीवर, पिंपळाच्या पारापाशी संपणारा निरोप हळूहळू फलाटापर्यंत लांबला.

मग १९४१ साल उजाडलं. जुलैत आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि महारांची स्वतंत्र पलटण ही त्यांची मागणी सरकारला टाळता येईना. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन १९४२ मध्ये उभी राहिली, आणि ती कामठीत. बेळगाव गोंदियाच्या माणसाला परमुलूख होता, कामठी घरच्या रुळावर होती. रेजिमेंटच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात भीमा कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभ होता. तो बिल्ला लावायला नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या वस्त्यांतून तरुण निघाले.

१९४२ हे साल साधं नव्हतं. त्याच ऑगस्टात ‘चले जाव’ची ठिणगी पडली आणि याच रेल्वेमार्गाजवळच्या तुमसरला गोळीबारात माणसं गेली. एकाच जिल्ह्यात एक तरुण सरकारविरुद्ध मोर्चात होता आणि दुसरा सरकारी पलटणीच्या रांगेत. दुसऱ्याला दोष देण्याची घाई आजच्या वाचकाने करू नये. पन्नास वर्षं बंद असलेलं दार उघडलं होतं, ते पुन्हा कधी बंद होईल याचा भरवसा नव्हता. गोंदियालगतच्या बिरसीला याच दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली जात होती. आज तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. तेव्हा युद्ध दूर कुठे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर चाललं होतं, पण त्याचा धुरळा कामठ्याच्या शिवारात उडत होता.

घराच्या बाजूने पाहिलं तर पलटणीत जाणारा मुलगा म्हणजे आधी शेतातले दोन हात. झाडीपट्टीचं सारं वर्ष धानाभोवती फिरतं. रोहिणी-मृगात परे टाकायचे, आषाढ-श्रावणात चिखलात वाकून रोवणा करायचा, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मग चुरणी. पावसाच्या तोंडावर बोलावणं आलं तर रोवण्याला माणूस कमी. ज्या घरांना स्वतःची बांधी नव्हती, जी घरं दुसऱ्याच्या रोवण्याला मजुरीने जात, त्यांची तर एका माणसाची मजुरी त्या दिवसापासून बंद. १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर होती. तिची पहिली पावती हातात पडेपर्यंतचे महिने आई-बापांनी कसे काढले असतील, याचा अंदाज आजही रोवण्याच्या दिवसांत गावात फिरलं तर येतो.

आणि तरी पाठवायचं. पाठवण्याच्या रीती प्रत्येक घराच्या वेगळ्या, पण काही जवळपास सगळीकडे सारख्या. पाटावर बसवून औक्षण, कपाळाला कुंकू, हातावर दही-साखर. म्हाताऱ्यांच्या पाया पडणं, देव्हाऱ्यापुढे नारळ. बरोबर शिदोरी: लाडू, चिवडा, तिळाची चटणी, आठ दिवस टिकेल असं जे घरात असेल ते. पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव. उंबरठा ओलांडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, आणि आईने ‘ये बाबू’ म्हणायचं. मराठीत घराबाहेर पडताना सगळेच ‘येतो’ म्हणतात, दुकानात जातानासुद्धा. पण त्या सकाळी तोच शब्द घशातून निघायला वेळ लागतो. आणखी एक: माणूस बाहेर पडल्यावर लगेच घर झाडायचं नाही. त्याच्या पायांची धूळ घरात राहू द्यायची.

मराठीत ‘निरोप’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. निरोप देणं म्हणजे पाठवणं, आणि निरोप येणं म्हणजे खबर येणं. पलटणीतल्या मुलाच्या घराला या दोन अर्थांमधलं अंतर कळलं ते टपालामुळे. पहिला निरोप फलाटावर दिला की दुसऱ्या निरोपाची वाट सुरू. लिहिता न येणाऱ्या आईसाठी शाळेतला मास्तर पत्र वाचायचा, उत्तरही तोच लिहायचा. त्यामुळे मुलाची खुशाली आईच्या आधी मास्तरला कळायची, आणि वाईट बातमीसुद्धा. स्वातंत्र्यानंतर आंतरदेशीय पत्र आलं, आणि पत्त्यात गावाच्या नावाऐवजी ‘५६ एपीओ’ असे सैनिकी टपालाचे आकडे वाचायची सवय गावोगावच्या पोस्टमनला लागली. मुलगा नेमका कुठे आहे हे त्या पत्त्यावरून कळत नाही, कळू नये हाच त्याचा हेतू. गंमत अशी की या सैनिकी टपालसेवेचं प्रशिक्षण केंद्रही कामठीलाच आहे. मुलाला नेणारं आणि त्याचं पत्र आणणारं, दोन्ही धागे त्याच छावणीत जाऊन मिळतात.

१९४६ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा तिचं केंद्र कामठीला होतं. पुढे ते मध्य प्रदेशातल्या सागरला गेलं. आज या रेजिमेंटमध्ये देशाच्या सगळ्या भागांतले, सगळ्या समाजांचे जवान आहेत. ‘बोलो हिंदुस्तान की जय’ ही तिची रणगर्जना. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख तिने दिले, आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं परमवीरचक्रही तिच्याच नावावर आहे. कामठीला आता ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. म्हणजे रंगरूट अजूनही गोंदियाच्या फलाटावरून कामठीला जाऊ शकतो, फक्त त्याच्या खांद्यावरचं नाव बदललं.

निरोपाची रीतही बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ साली, ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते, पण या भागातल्या वस्त्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलं होतं. धम्मदीक्षेनंतर सैनिकी परंपरेच्या अनेक घरांतून कुंकवाची कोयरी आणि आरतीचं ताट निघालं. त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, विहारात वंदना आणि मग पेटी उचलायची. सालेकसा, देवरीकडच्या गोंड घरांतला मुलगा कचारगडला डोकं टेकवून येतो. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहेशी हजारोंचा मेळा भरतो. गोरेगावकडचे लोक मांडोदेवीला जातात, अर्जुनी मोरगावचे प्रतापगडला. फलाटावर मग एकाच डब्याच्या खिडकीशी रामराम, जय भीम आणि जय सेवा असे तिन्ही निरोप ऐकू येतात. पोचल्यावर तिघांनाही पहिला धडा ‘जय हिंद’चा.

गोंदियाच्या वेळापत्रकाचा एक नकाशाच काढता येईल. मुंबईकडे जाणारी विदर्भ एक्स्प्रेस इथूनच सुटते. तोफखान्यात निवड झालेला मुलगा तिने नाशिक रोडला उतरतो. कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अहिल्यानगरवरून जाते. तिथे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. तीच गाडी पुढे मिरजेला जाते, आणि तिथून बेळगावची गाडी धरली की मराठा लाइट इन्फन्ट्री. राज्याच्या एका टोकाचा मुलगा दुसऱ्या टोकाच्या पलीकडे जाऊन मराठा होतो, हे या गाडीशिवाय घडलं नसतं. उत्तरेला जबलपूर: तिथे ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्सची प्रशिक्षण केंद्रं. या मार्गावर डोंगरांतून रेंगाळत जाणारी छोटी गाडी शंभराहून अधिक वर्षं चालली. रूळ रुंद करण्यासाठी २०१५ मध्ये ती थांबवली गेली, आणि आता सलग ब्रॉडगेज झाल्यावर जबलपूर काही तासांवर आलं आहे. छोट्या गाडीने एक मेहरबानी केली होती, ती म्हणजे तिचा वेग. ती सुटल्यावरही धाकटा भाऊ बराच वेळ खिडकीबरोबर चालू शकायचा.

भरतीचा रस्ताही आता वेगळा आहे. नागपूरचं सैन्य भरती कार्यालय गोंदियासह विदर्भातले जिल्हे पाहतं. पूर्वी थेट मैदानात जायचं, सोळाशे मीटर धावायचं, बीमवर पुलअप्स काढायचे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, मग मेडिकल, मग लेखी. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान. पहाटे चारला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, ती त्या सोळाशे मीटरसाठी. २०२० च्या मार्चनंतर करोनामुळे भरती रखडली आणि जवळपास दोन वर्षं रखडलेलीच राहिली. मैदानी आणि मेडिकल दोन्ही पार करून लेखीची वाट पाहणारी मुलं देशभर वयाची अट ओलांडून बसली. त्यांच्या घरी पेटी आणली गेली होती की नाही ठाऊक नाही, पण मनाने निरोप देऊन झाला होता. न निघालेल्या माणसाचा तो निरोप या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुखरा वाटतो.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वय, प्रशिक्षणासह चार वर्षं सेवा, पहिल्या वर्षी महिना तीस हजार आणि त्यातला काही भाग निधीत, अखेरीस सुमारे पावणेबारा लाख रुपये, आणि दर तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम नोकरी. पहिली तुकडी २०२३ च्या आरंभी प्रशिक्षण केंद्रांत होती. पंधरा-सतरा वर्षं नोकरी, मग पेन्शन, हा जुना हिशेब घरांनी पाठ केला होता. नव्या हिशेबात मुलगा घरून निघतो त्याच दिवशी आई परतीचं साल मोजू शकते. काही आयांना त्यात दिलासा वाटतो. ज्याला शेती नाही आणि मागे दोन बहिणी आहेत, त्या बापाला त्याच आकड्याची धास्ती वाटते. दोघांचंही खरं आहे.

आता मुलीही निघतात. ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूच्या केंद्रातून मिलिटरी पोलिसांत ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्याकडे मुलीला घराबाहेर पाठवण्याची रीत एकच होती, पाठवणी, आणि तिची गाणी, तिचं रडणं, तिची शिदोरी, सगळं ठरलेलं. पेटी घेऊन निघालेल्या मुलीला कसं ओवाळायचं, हे कोणत्याच आजीने शिकवलेलं नाही. बहुतेक घरं भावाला करतात तेच तिला करतात: कुंकू, दही-साखर, ‘ये बाई’.

अलीकडे गावं हा निरोप गाजावाजाने करू लागली आहेत. ज्या गावातून पहिल्यांदाच कोणी निवडलं गेलं, तिथे ग्रामपंचायतीपुढे हार-नारळ, तिरंगा, डीजे किंवा बँड, मोटारसायकलींची रांग. कोणाला हे भपकेबाज वाटेल. पण ज्या भागाला ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असं सरकारी कागदावर सांगितलं गेलं होतं, त्याने आपल्या पोराला गावभर मिरवलं तर त्यात वावगं काही नाही. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेड होते. तिथे अलीकडच्या वर्षांत आई-वडिलांना बोलावून त्यांच्या छातीवर गौरव पदक लावलं जातं. धानाचा हंगाम सोडून, उसने पैसे काढून, आयुष्यात पहिल्यांदा राज्याबाहेर गेलेले आई-बाप त्या मैदानाच्या कडेला उभे असतात आणि एकसारख्या कापलेल्या केसांच्या शेकडो मुलांत आपला कोणता, हे शोधत असतात.

ते नंतरचं. आधी फलाट आहे. गाडी हलते, खिडकीतला हात दिसेनासा होतो, हारातली झेंडूची फुलं रुळांवर पडलेली असतात. देवरी किंवा अर्जुनीकडची शेवटची बस चुकू नये म्हणून माणसं भराभर जिना उतरतात. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. चूल पेटते, सवयीने एक ताट जास्त मांडलं जातं आणि उचलून ठेवलं जातं. फडा कोपऱ्यात उभा असतो. आज कोणी झाडणार नाही.